नव्या कमानीचा गिलावा आणि जुन्या दगडाचा मान

(मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त ग्रामस्थ व देणगीदार यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचे काम निघाले म्हणजे गावाच्या पारावर तीन गोष्टी बोलल्या जातात. शिखर किती उंच करायचे, कळस कोणाच्या हातून चढवायचा आणि फरशी कोठली आणायची. गिलाव्याची गोष्ट सहसा कोणी काढीत नाही. तो गवंड्याचा विषय, असे समजून सगळे पुढे जातात. पण दोन पावसाळे उलटले, की लोकांच्या नजरेस पहिल्यांदा येतो तो गिलावाच. कोठे भेग पडते, कोठे फुगवटा येतो, कोठे ओलीचा काळा ओघळ उतरतो. मग पारावर दुसरीच चर्चा सुरू होते. "एवढा पैसा जमला, तो गेला कोठे?" ज्यांनी घरचे काम टाकून समितीचे काम केले, त्यांना मान खाली घालावी लागते. पैसा कोणी खाल्लेला नसतो. तो चुकीच्या जागी घातलेला असतो, एवढेच. म्हणून आजचा विषय गिलाव्याचा आहे, आणि त्यातही मंदिरापुढील नव्या कमानीच्या गिलाव्याचा.

पूर्वी वेशीची किंवा देवळाची कमान म्हणजे घडीव दगड. पुढे विटा आल्या, नंतर सिमेंट-काँक्रीट आले. आता अनेक गावी दोन खांब पक्के बांधतात आणि वरचा सारा भाग लोखंडी सांगाडा करून त्यावर सिमेंट बोर्ड ठोकून, वरून गिलावा देऊन उभा करतात. काम हलके होते, लवकर होते, खर्चही आटोक्यात राहतो. ही रीत चांगली की वाईट, असे विचारले जाते. उत्तर असे, की रीत चांगली आहे. पण विटेच्या भिंतीला गिलावा करतात तसाच बोर्डाला केला, तर तो टिकत नाही.

अंगाचा स्वभाव

गिलावा हा अंगरखा आहे. अंगरखा अंगाच्या मापाने बेततात. ज्या अंगावर गिलावा चढवायचा ते अंग पाणी पिते की नाही, तापले की किती वाढते, हलते की स्थिर राहते, हे आधी ओळखावे लागते.

ही गोष्ट या भागातील माणसाला नवी नाही. घरातील आयाबाया मातीच्या भिंती लिंपत, तेव्हा मातीत भुसा किंवा तनस कालवीत. नुसत्या मातीने लिंपले तर वाळताना भेगा पडतात आणि तंतू असला तर तो माती धरून ठेवतो, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. माळवदाच्या घरात राहिलेल्या वडीलधाऱ्यांना हेही ठाऊक आहे, की मृग लागण्यापूर्वी माळवदावर चढून पांढरी माती नीट केली नाही, तर पहिल्याच पावसात घरात भांडी मांडावी लागतात. माती वाईट नव्हती. तिला दरवर्षी हात लागत होता, म्हणून ती टिकत होती.

हेच शहाणपण शेजारच्या लेण्यांत दिसते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वी जालना तालुका ज्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, तो आजचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा. तेथील अजिंठ्याची चित्रे उघड्या दगडावर काढलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा गिलावा दिला, त्यात वनस्पतींचे तंतू व साळीचा कोंडा घातला, वरून चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग भरला. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे व तंतू मिसळलेले असल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले आहे. आपल्या आजीच्या भिंतीतला भुसा, वेरूळचा तंतू आणि आज बोर्डाच्या सांध्यावर बसवायची काचतंतूची जाळी, ही तिन्ही एकाच कुळातील आहेत.

त्याच जिल्ह्यातील बीबी का मकबरा पाहा. सन १६६० च्या सुमारास ही वास्तू पुरी झाली. पैसा बेताचा होता. म्हणून संगमरवर मुख्यतः भिंतीच्या खालच्या पट्ट्यास आणि घुमटास वापरला व बराचसा उरलेला भाग दगडावर चुन्याचा घोटीव गिलावा देऊन पांढरा केला. कोणी त्याला गरिबाचा ताजमहाल म्हणून हिणवतात. पण साडेतीनशे वर्षांनंतरही तो उभा आहे आणि त्याच्या गिलाव्याची डागडुजी पुरातत्त्व खात्यास वेळोवेळी करावी लागते. यातून दोन धडे घ्यावेत. पैसा थोडा असला तर गिलावा करण्यात कमीपणा नाही, हा पहिला. गिलावा केला की त्याची निगा पिढ्यान्पिढ्या राखावी लागते, हा दुसरा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि बांधकामाचे जाणकार हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत.

जुन्या दगडाला गिलावा नको

कमानीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगणे जरूर आहे. नव्या कामाच्या उत्साहात जुन्या दगडी गाभाऱ्यावर सिमेंटचा हात फिरवू नये.

भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील मंदिर बाराव्या शतकाच्या सुमाराचे आहे. घडीव दगडाचे खांब, कोरीव छत, बाहेरच्या अंगावर मूर्ती. त्या दगडाला अंगरखा लागत नाही. दगड हाच त्याचा चेहरा. आपल्याकडील जुन्या देवळांचा दगड काळा, कठीण. तरी त्याच्या सांध्यांतून व पायातून ओल वर चढत असते आणि ती उघड्या अंगाने वाऱ्यावर वाळून जाते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर किंवा तेलरंगाचे चार हात दिले, की ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही. पाण्याबरोबर आलेले क्षार आतच साठतात, लोणा धरतो, दगडाच्या पापुद्र्या सुटतात आणि कोरीव काम बुजते. हौसेने दिलेला तो हात पुढे काढायचा म्हटले तर दगडाचीही साल निघते. म्हणून जुना दगड पाण्याने व मऊ ब्रशने स्वच्छ करावा, सांधे भरायचे झाल्यास जाणकाराच्या सल्ल्याने चुन्यात भरावेत, आणि सिमेंट नव्या कामापुरते ठेवावे.

सिमेंट बोर्ड म्हणजे काय

सिमेंटमध्ये तंतू घालून, दाबून केलेली सपाट पाटी म्हणजे सिमेंट बोर्ड. ऑस्ट्रिया देशातील लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिमेंट व तंतू यांचे पातळ पत्रे बनविण्याची कृती शोधली. तेव्हा तंतू ॲस्बेस्टॉसचा होता. त्याची धूळ फुप्फुसास घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले. आता चांगल्या बोर्डांत लाकडाच्या लगद्याचा तंतू असतो. घेताना "ॲस्बेस्टॉसविरहित" असे लिहिलेले पाहून घ्यावे. जुन्या छपराचे सिमेंट पत्रे कापून कमानीला लावण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

या बोर्डासाठी भारतीय मानक १४८६२ (सन २०००) आहे. त्यात 'अ' आणि 'ब' असे दोन प्रकार आहेत. ऊन-पाऊस थेट झेलणाऱ्या बाहेरच्या कामास 'अ' प्रकार लागतो. दुकानात दोन्ही बोर्ड सारखेच दिसतात, म्हणून पावतीवर प्रकार लिहून घ्यावा. छताला लावायचा जिप्समचा बोर्ड बाहेर चालतच नाही. पहिल्या पावसाळ्यात तो भिजून फुगतो. बाहेरच्या गिलाव्यासाठी बोर्ड तीन-चार सुतांहून पातळ घेऊ नये. बोर्ड आणल्यावर भिंतीला तिरका टेकवून न ठेवता, फळ्यांवर आडवा ठेवून झाकावा. नाहीतर त्यास बाक येतो. कापताना तोंडास फडके किंवा मास्क बांधावा आणि पोराटोरांना दूर ठेवावे. ती धूळ बरी नव्हे.

कामाची रीत

पहिली गोष्ट पाया. जालन्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेतला तर खांब दरवर्षी किंचित हलतो आणि वरचा गिलावा तिरपा तडकतो. अशा वेळी दोष गिलाव्याला लावतात. खरा दोष जमिनीत असतो. काळी माती पूर्ण काढून पाया घट्ट मुरुमात न्यावा.

दुसरी गोष्ट सांगाडा. जालना हे लोखंडी सळयांच्या कारखान्यांचे शहर. लोखंडाला आपल्याकडे तोटा नाही. तरी काटकसर नेमकी येथेच होते. उभ्या नळ्या दीड ते दोन फुटांवर असाव्यात. त्या लांब लांब लावल्या, तर बोर्ड वाऱ्याने लवतो आणि लवणाऱ्या अंगावर गिलावा राहत नाही. जोडकामाच्या जागी गंजरोधक रंग चुकू देऊ नये. यात्रेत कमानीवर माणसे चढतात, कर्णे बांधतात, फलक व तोरणे टांगतात. घंटा, कर्णा आणि दिव्यांच्या माळा यांच्यासाठी कड्या सांगाड्याला आधीच जोडाव्यात. बोर्डाला खिळा मारू नये. कमानीची उंची ठरविताना पालखीबरोबरच कडब्याने भरलेली गाडीही डोळ्यांसमोर आणावी. एकदा धक्का बसला, की उत्तम गिलावाही फुटतो.

तिसरी गोष्ट बोर्डांची मांडणी. बोर्डाच्या मागे पाणी अडविणारा कागद किंवा पडदा सांगाड्यावर लावावा. बोर्ड विटांसारखे सांधे मोडून लावावेत. चार कोपरे एका जागी येऊ देऊ नयेत. दोन बोर्डांमध्ये एक सूत फट ठेवावी. कमानीच्या गोलाईच्या टोकाशी सांधा आणू नये, तेथे अखंड बोर्ड कापून बसवावा. गंज न धरणारे स्क्रू सुमारे आठ-आठ इंचांवर, डोके बोर्डाबरोबर बसेल इतकेच आवळावेत.

चौथी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची, सांध्यांची. सिमेंटची ओली पाटी आणि तापलेले लोखंड सारखे वाढत नाहीत. बैलगाडीच्या चाकाला धाव चढविताना लोहार ती आगीत लाल करतो. वाढलेली धाव चाकावर बसते आणि पाण्याने आवळते. वैशाखात कमानीचे लोखंड दुपारी वाढते आणि रात्री आवळते, रोज. हे ओढणे-ढकलणे सांध्यांवर येते. म्हणून फटीत बहुलकमिश्रित, म्हणजे ज्याला कारागीर पॉलिमरचा म्हणतात तो मसाला भरून, त्यावर चार इंच रुंदीची काचतंतूची जाळीपट्टी बसवावी. ही जाळी सिमेंटमध्ये टिकणारी, क्षाररोधक असलीच पाहिजे. साधा काचतंतू सिमेंटचा क्षार खाऊन टाकतो आणि दोन-तीन वर्षांत जाळी नावापुरती उरते.

सांधे वाळल्यावर पूर्ण बोर्डावर त्याच मसाल्याचा एक पातळ हात द्यावा, ओल्या हातातच पूर्ण रुंदीची जाळी थापीने दाबून बसवावी, पट्ट्या एकमेकींवर तीन-चार इंच चढवाव्यात आणि वर दुसरा पातळ हात फिरवावा. हे सारे मिळून दीड-दोन सूत जाडी होते. त्यावर शेवटचा दाणेदार किंवा गुळगुळीत हात.

नेहमीच्या वाळू-सिमेंटचा अर्धा-पाऊण इंची गिलावा सरळ बोर्डावर मारला तर काय होते? बोर्ड गुळगुळीत, त्याला पकड नाही. तो मसाल्यातील पाणी झटकन शोषतो, मसाला कच्चा राहतो, आणि वजनाने पुढे सुटतो. जाड गिलावाच हवा असेल, तर बोर्डावर कागद लावून, त्यावर लोखंडी जाळी थेट सांगाड्यापर्यंत स्क्रूने आवळावी, म्हणजे गिलाव्याचे वजन जाळी व सांगाडा घेईल. कमळे, मोर, कीर्तिमुख असे जड नक्षीकामही सळईने सांगाड्यालाच अडकवावे. खाली लेकरे उभी असतात, हे कधी विसरू नये.

पाचवी गोष्ट, दोन वेगळी अंगे जेथे भेटतात ती रेघ. पक्का खांब आणि वरचा बोर्ड यांवरून एकसलग गिलावा ओढला, की भेग तेथेच पडणार. त्या जागी सरळ रेघ ठेवून ती लवचिक मसाल्याने भरावी. लांब पट्ट्यातही दहा-बारा फुटांवर अशी रेघ सोडावी. आपण जागा नेमून दिली नाही, तर भेग आपली जागा आपण शोधते.

पाणी आणि ऊन

जालना जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर. कोकणाच्या मानाने तो काहीच नाही. पण तो चाळीस अंशांवर तापलेल्या अंगावर एकाएकी कोसळतो. पाणी आत शिरणार नाही, असे कोणीही छातीठोक सांगू नये. पाणी शिरेल असे धरून, त्याला बाहेर पडायची वाट ठेवावी. कमानीच्या माथ्याला मागे उतार द्यावा, वर दगडी फरशी किंवा जस्ताचा पत्रा बसवून तो दोन्हीकडे दीड-दोन इंच पुढे काढावा आणि त्याच्या खालच्या अंगाला खाच ठेवावी, म्हणजे थेंब भिंतीवर न ओघळता खाली पडेल. बोर्डाची खालची कड कोठेही जमिनीला टेकवू नये. निदान सहा इंच वर ठेवावी, आणि ती गिलाव्याने बंद करू नये.

कामाचा हंगाम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. रामनवमी किंवा हनुमानजयंतीचा मुहूर्त गाठायचा म्हणून भर चैत्रात दुपारी गिलावा मारतात, तो उन्हाने करपतो. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस गोणपाट बांधून ओले ठेवावे लागते, आणि चैत्रात आपल्याकडे प्यायला पाणी टँकरने येते. २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. माणसांच्या तोंडचे पाणी भिंतीला मारावे असे कोणता देव म्हणेल? म्हणून कामाचे पंचांग पाण्याप्रमाणे ठरवावे. मचूळ, खारे पाणी मसाल्यात वापरू नये. त्याने लोणा येतो आणि लोखंडही गंजते. पॉलिमरच्या मसाल्याला पाणी किती व केव्हा मारायचे, ते पोत्यावर लिहिलेले असते, त्याप्रमाणे वागावे. रंग सुमारे चार आठवड्यांनी, आणि ओल बाहेर सोडणारा असावा.

देणगीदारांस विनंती

आता देणगीदार मंडळींस एक नम्र विनंती. फरशीवर नाव येते, पंख्यावर नाव येते, घंटेवर नाव येते. मुरुमापर्यंत नेलेल्या पायावर, सांध्यातील जाळीवर, गंज न धरणाऱ्या स्क्रूवर कोणाचे नाव येत नाही. म्हणून त्यासाठी देणगी मिळत नाही, आणि समितीला काटकसर करावी लागते ती तेथेच. ज्यांची श्रद्धा नावावाचून भागते, त्यांनी न दिसणाऱ्या कामासाठी द्यावे. त्यांचे नाव दगडावर नसेल, पण दगडाला धरून ठेवणारे तेच असतील.

समितीसही दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जमलेल्या निधीचा काही भाग बाजूला काढून निगा-निधी म्हणून बँकेत ठेवावा. दरवर्षी मृगापूर्वी जाणत्या गवंड्याने कमान ठोकून पाहावी. जेथे भद्द आवाज येईल तेथे थर सुटला आहे असे समजून लगेच दुरुस्ती करावी, आणि केसाएवढी भेग केसाएवढी असतानाच भरावी. माळवदाची ही जुनी रीत नव्या कमानीला लावायची आहे, इतकेच. दुसरी सूचना अशी, की मकबऱ्याच्या दरवाजावर जशी करणाऱ्यांची नावे आहेत, तशी या मंदिराच्या दप्तरी गवंडी, लोहार, सुतार यांची नावे, कोणता मसाला कोठे वापरला, कोणत्या सांध्यात काय भरले, हे सारे लिहून ठेवावे. वीस वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्या पोरांना त्या एका पानाचा फार उपयोग होईल.

जुना दगड उघडा राहो, नवी कमान पावसात कोरडी राहो, आणि तिच्याखालून पालखी दरवर्षी सुखरूप जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.